मुंबईत मासे खायचे, पण कुणाच्या हातचे?

फोर्टातल्या एखाद्या जुन्या लंच होमचं मेनूकार्ड उघडावं. डाळीपुढे आकडा असतो, भातापुढे असतो, कोळंबीच्या रश्श्यापुढेही असतो. पापलेट, खेकडा आणि शेवंड यांच्यापुढे मात्र तीनच अक्षरं छापलेली असतात: एपीएस. म्हणजे 'अ‍ॅज पर साइझ'. नवखं गिऱ्हाईक इथे बिचकतं आणि मुकाट्याने कोळंबीवर येतं. मुरलेला खवय्या कार्ड मिटून बाजूला सारतो आणि वेटरला विचारतो, "आज काय चांगलं आहे?" वेटर आत जातो आणि ताटलीत आख्खं पापलेट नाहीतर नांग्या बांधलेली चिंबोरी घेऊन येतो. भाव सांगतो. पसंत पडलं तर ती ताटली आत भटारखान्यात जाते, नाहीतर दुसरी येते.

बाहेरगावचा पाहुणा "मुंबईत चांगले मासे कुठे मिळतात?" असं विचारतो, तेव्हा जाणता मुंबईकर हॉटेलचं नाव चटकन सांगत नाही. तो उलटे प्रश्न टाकतो. आज वार कोणता? तिखट सोसतं का? तिरफळ आवडतं का? दुपारी जायचंय की रात्री? या शहरात एकच मासा पाच घरांत पाच तऱ्हांनी शिजतो आणि त्यांतल्या बहुतेक घरांनी आपापली हॉटेलं काढलेली आहेत. त्यामुळे 'कुठे' या प्रश्नाचं उत्तर निम्मं बाजारावर असतं आणि निम्मं कुणाच्या हातचं खायचंय यावर.

ताटलीतल्या त्या पापलेटाचा भाव पहाटेच ठरलेला असतो. कुलाब्याचा ससून डॉक अल्बर्ट ससून यांनी १८७५ साली बांधला तो कापसाच्या व्यापारासाठी, जहाजं थेट धक्क्याला लागावीत म्हणून. कापूस गेला, मासळी राहिली. माझगावच्या अंगाला भाऊचा धक्का. एकोणिसाव्या शतकात भाऊ अजिंक्य यांनी बांधलेल्या धक्क्यावरून पडलेलं हे नाव, आणि उरणला मोऱ्याकडे किंवा अलिबागच्या वाटेने रेवसला जाणाऱ्या लाँचही इथूनच सुटतात. उजाडायच्या आधी दोन्हीकडे ट्रॉलर लागतात, टोपल्या वर येतात आणि लिलाव सुरू होतो. पायाखाली बर्फाचा चिखल. डोक्यावर पाटी घेतलेला माणूस "बाजू, बाजू" ओरडत येतो आणि बाजूला न होणाऱ्याच्या अंगावर माशाचं पाणी सांडून पुढे जातो. कोळिणी लिलावात उभ्या राहतात, भावात मुरड घालतात, टोपली उचलतात. एका कोपऱ्यात बायका ओळीने बसून कोळंबी सोलत असतात. हात इतके सराईत, की नजर कोळंबीवर नसतेच. बघ्यांनी तिथे जाताना फाटक्या चपला घालाव्यात आणि हौसेने भाव विचारू नयेत. टोपलीचा भाव विचारणारा माणूस टोपलीच घेणार, असं तिथे धरलं जातं.

वाराचं म्हणाल तर मुंबईतला मराठी मासेखाऊ सोमवारी शंकराचा, मंगळवारी गणपतीचा, गुरुवारी दत्ताचा आणि शनिवारी मारुतीचा असतो. बुधवार, शुक्रवार आणि रविवार एवढेच काय ते त्याचे स्वतःचे. त्या तीन दिवशी दादर-परळच्या खाणावळींबाहेर रांगा दिसतात. रांग मोठी म्हणून मासा शिळा उरायचा प्रश्न नसतो. ज्याला ताजं हवं त्याने म्हणूनच बुधवारी दुपारी जावं. रविवारीही ताजं मिळतं, पण पाऊण तास फुटपाथवर उभं राहून.

दुपारच्या जेवणाचा आग्रह उगाच नाही. मुंबईत बाहेर मासे खाण्याची चाल चैनीतून आली नाही, ती अडचणीतून आली. कोकणातला माणूस गिरणीत कामाला यायचा, बायको-पोरं गावी ठेवून. लालबाग-परळच्या एकेका गाळ्यात पाळीपाळीने झोपणारे दहा-बाराजण असायचे, आणि त्यांचं जेवण चाळीतल्याच एखाद्या खाणावळवालीकडे महिन्याच्या बोलीवर लावलेलं असायचं. या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. पुढे १९८२ च्या संपाने गिरणगावाचं कंबरडं मोडलं आणि खाणावळींचं गिऱ्हाईकही पांगलं. तिथल्या जेवणाची घडण मात्र शहराच्या अंगवळणी पडून राहिली होती: एक तळलेला तुकडा, वाटीत रस्सा, भाताचा डोंगर, कडेला सुकटीची चटणी. आज ज्याला 'फिश थाळी' म्हणतात ती हीच. रात्री एसीत बसून वेगवेगळं मागवण्यापेक्षा दुपारची थाळी सरस असते, कारण त्या जेवणाचा जन्मच मुळी भुकेल्या आणि घाईत असलेल्या माणसासाठी झालेला आहे.

आता हातांकडे वळू.

मालवणी आणि गोमंतक या दोन पाट्यांमध्ये बिगरकोकणी माणूस फरक करत नाही. करायला हवा. मालवणी रश्श्याचा कणा म्हणजे भाजलेलं वाटण. कांदा आणि सुकं खोबरं तांबूस होईपर्यंत परतायचं, त्यात धणे, बडीशेप, मिरची अशा कितीतरी जिनसांचा घरचा मसाला, आणि रंग गडद. गोमंतकी हुमण याच्या उलट. ओला नारळ, मिरची, हळद, आंबटाला कोकम नाहीतर चिंच, कांदा जेमतेम. बांगडा असेल तर वरून ठेचलेली चार तिरफळं. तिरफळ दाताखाली आलं की जीभ क्षणभर बधिर होते. ज्याला ते आवडत नाही त्याला ते जन्मात आवडत नाही, आणि ज्याला आवडतं तो ताटातली तिरफळं हळूच चोखतो. बांद्रे पूर्वेला गांधीनगरात, द्रुतगती महामार्गाच्या कडेला असलेलं हायवे गोमंतक हे या दुसऱ्या परंपरेतलं. जागा बेताची, सजावटीच्या नावाने शून्य, आणि दुपारी एकनंतर गेलात तर बाहेर थांबायची तयारी हवी.

मालवणीसाठी दादरला उतरावं. शिवाजी पार्काच्या आसपास सिंधुदुर्ग, चैतन्य अशी नावं लोक पत्ता न विचारता सांगतात. इथे वडे खावेत, म्हणजे मालवणी वडे, तांदूळ-उडदाच्या पिठाचे, टम्म फुगलेले. तिसऱ्यांचं सुकं मागवावं. तिसऱ्या चमच्याने खायची वस्तू नाही. शिंपला उचलायचा, ओठाला लावायचा, खोबरं आणि मास एकदमच आत ओढायचं आणि रिकामी शिंपली ताटाच्या कडेला रचत जायची. शेवटी ढीग किती झाला यावरून जेवण कसं झालं ते कळतं. विलेपार्ल्याच्या गजालीचं नाव पुढे दूरवर गेलं. मालवणीत गजाली म्हणजे गप्पा. जेवायला घातलेल्या माणसाला बोलायलाही वेळ द्यावा, हा कोकणी शिष्टाचार त्या नावात आहे. पूर्वी गिरगावात खोताच्या वाडीत अनंताश्रम होता. तिथला मालकी खाक्या इतका कडक, की लोक जेवणाइतकंच त्या फटकारण्याबद्दल बोलत. तो बंद पडला, आणि गिरगावकर अजून त्याच्या कालवणाची आठवण काढून नव्या हॉटेलांना नावं ठेवतात.

फोर्टातली लंच होम्स हा तिसरा हात, मंगळूर-उडुपीकडचा. बँका, विमा कंपन्या, वकिलांची ऑफिसं यांतल्या माणसांना एक ते दोनच्या सुट्टीत गरम जेवण हवं होतं, ते किनाऱ्याच्या दक्षिणेकडून आलेल्या शेट्टी आणि मोगवीर मंडळींनी पुरवलं. कावसजी पटेल रस्त्यावरचं महेश लंच होम १९७० च्या दशकात असंच सुरू झालं, हॉर्निमन सर्कलजवळचं अपूर्वाही त्याच पठडीतलं. इथल्या कालवणाला 'गस्सी' म्हणतात. ब्याडगी मिरचीमुळे रंग लालभडक दिसतो, पण ती मिरची रंगाला उदार आणि तिखटाला कंजूष. गस्सीबरोबर नीर डोसा, कागदासारखा पातळ, जाळीदार. हा चपातीसारखा तोडून खायचा नसतो, रश्श्यात बुडवून ठेवायचा आणि मऊ पडला की उचलायचा. काळा घोड्याच्या तृष्णामधला लोणी-लसणातला खेकडा देशोदेशीचे पाहुणे शोधत येतात. तो चविष्ट असतो, यात वाद नाही. फक्त एवढं लोणी ओतल्यावर चव खेकड्याची किती आणि लोण्याची किती, हा प्रश्न पुलीमुंची खाल्लेल्या माणसाच्या मनात येतोच. पुलीमुंची म्हणजे तुळूत आंबट-तिखट. त्यात खेकडा लपत नाही.

आणि ज्यांचं हे शहर, ज्यांच्या होड्यांनी हे सगळं म्हावरं किनाऱ्याला आणलं, त्या कोळ्यांचं हॉटेल कुठे आहे? शोधायला गेलं तर पंचाईत होते. कोळीण मासे विकते, कालवण घरच्यांसाठी राखते. वरळी आणि वेसाव्याच्या कोळीवाड्यांत हिवाळ्यात भरणारे सी-फूड महोत्सव ही बाहेरच्या माणसाला त्या चुलीजवळ जाण्याची सोपी संधी. माहीमच्या कोळीवाड्यात समुद्राच्या कडेला बचत गटातल्या कोळी बायका चालवतात असा सी-फूड प्लाझाही २०२३ मध्ये सुरू झाला. कोळी कालवणात नारळाचं फारसं कौतुक नसतं. लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, चिंच आणि वर्षाचा करून ठेवलेला कोळी मसाला, बस. शेजारी तांदळाची भाकरी. मासा ताजा असला की त्याला झाकायला वाटण लागत नाही, हा त्यांचा हिशेब.

यात एक गमतीचा घोटाळा आहे. देशभर ज्या पदार्थाला 'प्रॉन्स कोळीवाडा' म्हणतात, त्याचा कोळ्यांच्या चुलीशी काडीचाही संबंध नाही. फाळणीनंतर सायन कोळीवाड्यात पंजाबी निर्वासितांची वस्ती झाली. अमृतसरी मासे तळणाऱ्या हातांनी इथल्या कोळंबीला बेसन, ओवा आणि लाल मिरची लावून कढईत सोडलं आणि वस्तीचं नाव पदार्थाला चिकटलं. त्या भागातल्या हार्बर मार्गावरच्या स्टेशनचंही नाव आता गुरू तेगबहादूर नगर आहे. कोळीवाडा उरला तो बशीत.

पारशांची पात्रा नी मच्छी, केळीच्या पानात हिरव्या चटणीत गुंडाळून वाफवलेलं पापलेट, ही बॅलार्ड इस्टेट आणि फोर्टच्या बाजूला मिळते आणि एकदा तरी खावी अशी आहे. पाठारे प्रभूंचं भुजणं किंवा सीकेपींची सोड्याची खिचडी मात्र अजून बहुतेक घरातच भेटते. त्यासाठी मैत्री करावी लागते.

पाहुण्याला पापलेट हवं असतं. २०२३ मध्ये रुपेरी पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासाही झाला, त्यामुळे त्याचा तोरा आणखी वाढला. काटा कमी, वास नाही, लहान मुलालाही भरवता येतं. पण मुंबईची खरी परीक्षा बोंबलावर. हा मासा जगात मोजक्याच ठिकाणी मुबलक मिळतो, आणि गुजरात-महाराष्ट्राचा किनारा त्यात पहिला. अंगात जवळजवळ नऊ दशांश पाणी, काटा मिशीसारखा मऊ. कोळी तो डोलीत धरतात. डोल म्हणजे समुद्रात खुंटाला बांधून ठेवलेलं पिशवीसारखं जाळं; भरती-ओहोटीच्या ओढीने मासा आपोआप आत येतो. त्यामुळे अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जाळी भरतात आणि अष्टमीच्या भांगेला पाणी मंदावलं की हात आखडतो. तिथी पाहून मासे खायला जाणारा माणूस अंधश्रद्ध असेलच असं नाही.

ताजा बोंबील इतका लिबलिबीत, की थेट तव्यावर टाकला तर त्याचं पिठलं होतं. म्हणून आधी त्याला दाबावं लागतं. डोकं-शेपूट काढायचं, पोट चिरून उघडायचा, मधला काटा काढायचा, मीठ-हळद लावायची. मग स्वच्छ फडक्यात ओळीने मांडून वर फडकं आणि त्यावर पाटा. तासाभराने फडकं पिळलं तर पेलाभर पाणी निघतं. आता त्याला आलं-लसूण, तिखट, कोकमाचं आगळ चोळायचं, तांदळाच्या पिठात मिसळलेल्या रव्यात घोळवायचा आणि लोखंडी तव्यावर बेताच्या तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस करायचा. बाहेर कुरकुरीत कवच, आत सायीसारखं काहीतरी. थंड झाला की त्यातली जान जाते, म्हणून बोंबील शेवटी मागवू नये आणि आल्यावर फोटो काढत बसू नये. चपटा, पापडासारखा, आतून कोरडा बोंबील ताटात आला तर समजावं, सकाळीच तळून ठेवलाय. घरी त्याचं कालवण करताना बाई पळी घालत नाही. पातेलं दोन्ही हातांनी धरून गोल फिरवते, नाहीतर रश्श्यात बोंबील शोधावे लागतील.

इंग्रजांनी याला 'बॉम्बे डक' म्हटलं. सुक्या बोंबलांची पोती डाक गाडीने जायची म्हणून 'डाक'चं 'डक' झालं, ही गोष्ट मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. गोष्ट झकास आहे, पण बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली १८५३ साली आणि हे नाव त्याच्याही आधीच्या छापील मजकुरात सापडतं. बदक कुठून आलं, ते बोंबीलच जाणे.

नावांचा गोंधळ फक्त इंग्रजीत नाही, मेनूकार्डावरही असतो, आणि तो दर वेळी निष्पाप नसतो. हलव्याला 'ब्लॅक पॉम्फ्रेट' म्हणतात, पण तो पापलेटाचा सख्खा भाऊ नाही, वेगळ्या कुळातला आहे. चवीला दणकट, रश्श्यात पापलेटापेक्षा उजवा. रावसाला 'इंडियन सामन' म्हणून मिरवतात, त्याचाही विलायती सामनशी संबंध नाही. सुरमई आणि बांगडा एकाच घराण्यातले, एक श्रीमंत आणि एक गरीब. काटे काढलेले, पिठात बुडवून तळलेले पांढरे तुकडे नुसत्या 'फिश' या नावाने समोर आले, की तो बहुधा शेततळ्यात वाढवलेला बासा असतो. त्याला चव नसते, म्हणून त्याच्यावर सॉस येतो. साधा उपाय म्हणजे मासा सगळा, नाहीतर निदान कातडीसकट तुकडा मागावा. ओळख कातडीत असते. बाजारात विकत घ्यायचा असेल तर कोळिणीसमोर कल्ला उचलून पाहावा, लाल हवा. डोळा फुगीर आणि चकचकीत हवा. बोट दाबलं की खळगा राहू नये. आणि चिंबोरी घेताना आकार पाहू नये, हातात तोलून वजन पाहावं. अमावास्येच्या चिंबोऱ्या भरलेल्या आणि पौर्णिमेच्या पोकळ, असं कोळीण सांगेल, ते ऐकावं.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित मांदेली. सोनेरी, बोटाएवढी, थाळीच्या हॉटेलांतही कार्डावर क्वचित. "मांदेली आहे का?" असं विचारलं की वेटरच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू येतं. ती डझनाने तळून येते आणि काट्यासकट खायची असते.

१ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. माशांची वीण व्हायचा हा काळ, आणि समुद्रही खवळलेला. डॉकवर होड्या एकमेकींना खेटून उभ्या राहतात, जाळी विणायला बाहेर येतात. हॉटेलांची कार्डं मात्र तशीच असतात. मग ताटलीतलं पापलेट येतं ते शीतगृहातून नाहीतर पूर्व किनाऱ्यावरून. तिथली बंदी जूनच्या मध्यावर उठते. या दोन महिन्यांत पापलेटासाठी हजार मोजण्यात शहाणपण नाही. खाडीची कोळंबी, चिंबोऱ्या मिळाल्या तर घ्याव्यात. नाहीतर सरळ सुक्याकडे वळावं. मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारातून उन्हाळ्यातच भरून ठेवलेले सोडे, जवळा, काठीबोंबील बाहेर काढायची हीच वेळ. बाहेर मुसळधार पाऊस, तव्यावर भाजलेला सुका बोंबील, वरणभात. वासाने शेजारी दार लावून घेतात, किंवा उघडून डोकावतात. ते ज्याच्या त्याच्या जातकुळीवर.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात होड्या परततात आणि पहिल्या फेऱ्यांत कोळंबी, पापलेट भरभरून येतं. नेमका तेव्हाच श्रावण लागलेला असतो. गटारीला तुटून पडलेलं निम्मं शहर महिनाभर माळकरी होतं. नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यात नारळीभात शिजतो, आणि दादरच्या खाणावळींत भर बुधवारी टेबलं रिकामी असतात. श्रावण न पाळणाऱ्यांची तेव्हा चंगळ असते. न थांबता जागा मिळते, पंख्याखालची मिळते, आणि "आज काय चांगलं आहे?" म्हटलं की वेटर खांद्यावरचं फडकं सावरून बोटांवर मोजायला लागतो: सरंगा, करली, मुडदुशी, गाबोळी, माकुल...